हशाचा हिशेब

आज आपण बोलणार आहोत पु. ल. देशपांडे यांच्याविषयी. हे नाव घेतलं की आधी चेहऱ्यावर हसू येतं, आणि ते यायलाच हवं. आपल्यापैकी कुणी त्यांना पुस्तकातून ओळखतं, कुणी पूर्वीच्या कॅसेटमधून, तर कुणाची मुलं आता मोबाईलवर 'म्हैस' नाहीतर 'अंतू बर्वा' ऐकत झोपतात. पु.लं.च्या विनोदावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज वेगळंच सांगायचं आहे. लोकांना हसवून जो पैसा मिळाला, त्याचं पुढं काय झालं? तो कुणी सांभाळला, कुणी वाटला? आणि त्यातला काही पैसा आपल्या भोसरीपासून थोड्याच अंतरावर, आळंदी रस्त्यावर, कसा येऊन पोचला? या गोष्टीत माणूस एक नाही, दोन आहेत. दुसरं नाव सुनीताबाईंचं.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवीला झाला. बालपण जोगेश्वरीत आणि मग पार्ल्यात गेलं. घरात गाणं होतं, वाचन होतं, पण पैसा बेताचा. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. नातवाला लिहिण्याची आणि बोलण्याची गोडी तिथूनच लागली असणार. पेटी वाजवणं, गाण्याच्या शिकवण्या, चाली लावणं, नाटकात काम, शाळेत मास्तरकी, पुढे बेळगावच्या आणि मुंबईच्या कॉलेजात प्राध्यापकी, असं मिळेल ते काम त्यांनी केलं. लहानपणी आपण सगळ्यांनी म्हटलेलं 'नाच रे मोरा' आहे ना, त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाल पु.लं.ची. 'देवबाप्पा' या सिनेमातलं ते गाणं. त्याच १९५३ साली 'गुळाचा गणपती' आला. त्यात कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य काम, सगळं एकट्या पु.लं.चं. त्यानंतर ते सिनेमापासून दूरच गेले.

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत नोकरीला लागले. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून हे मुद्दाम सांगते. समोर माणूस दिसत नसताना त्याच्याशी घरातल्यासारखं कसं बोलायचं, हे आपल्याकडे ज्या थोड्या लोकांना पुरतं उमगलं होतं, त्यांत पु.ल. होते. पुढे ते लंडनला बीबीसीत प्रशिक्षणाला गेले. दिल्लीत दूरदर्शन अगदी रांगत होतं, तेव्हा तिथेही त्यांनी काम केलं. लंडनच्या त्या दिवसांवर त्यांनी 'अपूर्वाई' लिहिली. पण ते सगळं मी इथेच सोडते, कारण आपल्या गोष्टीचा धागा चाळीतून जातो.

'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली आलं. १९६१ मध्ये पु.लं.नी ती चाळ रंगमंचावर आणली. कशी आणली, तर एकट्याने! सोकाजी त्रिलोकेकर तेच, अण्णा पावशे तेच, कोचरेकर मास्तर तेच, चाळीतल्या बायकाही तेच. ना वेश बदलणं, ना पडदे. एक माणूस उभा राहतो आणि दोन-अडीच तास अख्खी चाळ त्याच्या तोंडून भांडते, रुसते, सहलीला जाते, उपास करते. भोसरीतल्या कामगारांच्या खोल्यांत ज्यांनी वर्षं काढली आहेत, एका नळावर दहा घरांचं पाणी भरलं आहे, त्यांना ही चाळ मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. गिरगावची चाळ आणि आपल्याकडच्या खोल्या यांत फरक आहेच. आपल्याकडे एका ओळीत बीडचं घर, जळगावचं घर, यवतमाळचं घर आणि आता बिहारचंही. पण भिंतीला कान असणं आणि अडीअडचणीला तेच शेजारी धावून येणं, हे दोन्हीकडे सारखंच.

पाठोपाठ १९६२ मध्ये 'वाऱ्यावरची वरात' आली, मग 'असा मी असामी'. तिकिटासाठी रांगा लागायच्या. पु.ल. मराठी माणसाचे सर्वांत लाडके करमणूक करणारे झाले. नोकरी सुटली, आणि पैसा येऊ लागला. तोही असा की मध्यमवर्गातल्या लेखकाच्या घरी तोवर क्वचितच आला असेल.

आता सुनीताबाईंकडे येऊ. सुनीता ठाकूर या रत्नागिरीच्या. जन्म ३ जुलै १९२६ चा. बेचाळीसच्या चळवळीत त्या कोवळ्या वयात उतरल्या होत्या. मुंबईत ओरिएंट हायस्कूलमध्ये त्या आणि पु.ल. दोघंही शिकवायला होते, तिथे ओळख झाली. पु.लं.ची पहिली पत्नी लग्नानंतर थोड्याच काळात वारली होती. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ना बँड, ना पंगत. सुनीताबाई स्वतः चांगल्या नटी होत्या. 'वंदे मातरम्' सिनेमात त्या पु.लं.बरोबर होत्या, 'सुंदर मी होणार' नाटकात आणि 'वाऱ्यावरची वरात'मध्येही होत्या. तरी लोकांच्या आठवणीत त्या राहिल्या त्या वेगळ्याच कारणाने. पु.लं.चं लिखाण वेळेवर छापायला जायचं ते त्यांच्यामुळे. प्रयोगाची तारीख, करार, प्रकाशकाशी बोलणं, गाडी चालवणं, दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरवणं, सगळं त्यांच्याकडे.

आणि पैशाचा हिशेब त्यांच्याकडे.

यावरून सुनीताबाईंना लोक काय काय म्हणाले! कडक, कोरड्या, फटकळ. कुठल्या हौशी मंडळाने परवानगी न घेता पु.लं.चं नाटक बसवलं, की त्या विचारायच्या. मंडळाला वाटायचं, एवढा मोठा लेखक, त्यांना आमच्या चार पैशांची काय पडली? 'भाई' तर काही म्हणाले नसते, या बाईच मध्ये येतात. मला या तक्रारीची गंमत वाटते. बचत गटात ज्या बाईकडे वही असते ना, तिला हेच ऐकावं लागतं. हप्ता चुकला तर विचारणारी ती, म्हणून वाईट ती. हसणारा नवरा सगळ्यांचा, आणि हिशेब विचारणारी बायको कुणाचीच नाही.

त्या हिशेबाचा उपयोग काय झाला ते पाहा. साठच्या दशकाच्या मध्याला दोघांनी 'पु. ल. देशपांडे फाउंडेशन' नावाचा विश्वस्त निधी उभा केला. प्रयोग तुफान चालत होते, पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या, पु.ल. पंचेचाळिशीच्या आसपास होते. म्हणजे म्हातारपणी पुण्य गाठीला बांधायची ही गोष्ट नव्हती. त्यांना मूल नव्हतं. राहणी साधी ठेवायची, लागेल तेवढं आपल्याला, बाकीचं परत लोकांना, असं त्यांनी कमाईच्या ऐन भरात ठरवलं. आपल्याकडे दान म्हटलं की देऊळ, अन्नछत्र, नाहीतर संगमरवरी पाटीवर कोरलेलं नाव डोळ्यांसमोर येतं. या निधीतून पैसा गेला तो समाजात काम करणाऱ्या संस्थांकडे, विज्ञानाकडे, कलांकडे. द्यायचा तो नीट पाहून, समजून घेऊन, आणि शक्य तितका गाजावाजा टाळून. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताई यांच्याकडे दोघांचं जाणं-येणं होतं. ज्यांना घरच्यांनी टाकलं ते कुष्ठरोगी तिथे शेती करत होते, माग चालवत होते. ते पाहिल्यावर दान म्हणजे केवळ दया नव्हे, हे दोघांना कुणी वेगळं सांगायची गरज उरली नसेल.

जगात हे इतरांनीही केलं आहे. अमेरिकेत डॅनी थॉमस नावाचा विनोदी नट होता, टीव्हीवर फार लोकप्रिय. पडतीच्या दिवसांत त्याने संत ज्यूडकडे नवस केला होता की माझं बस्तान बसू दे, मी तुझं देऊळ बांधीन. बस्तान बसल्यावर त्याने बांधलं ते मुलांचं रुग्णालय, मेंफिस शहरात, १९६२ साली. कॅन्सर झालेल्या मुलांवर तिथे उपचार होतात आणि आईबापांकडून त्याचे पैसे घेत नाहीत. आपली 'वरात' निघाली तेच ते वर्ष. आपल्याकडेही अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' हे विनोदी नाटक घेऊन डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि इतर नामवंत नट गावोगाव हिंडले. त्या प्रयोगांच्या पैशातून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून त्यातून मानधन दिलं जातं. आणि २०१५ चा दुष्काळ तर आपल्या डोळ्यांपुढचा आहे. तेव्हा नाना पाटेकर आणि आपल्या मराठवाड्याच्या बोलीत हसवणारे मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' संस्था काढली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना मदत देण्यापासून तिची सुरुवात झाली. भोसरीत त्या भागातून आलेली किती घरं आहेत, ते तुम्हीच मोजा.

पण आपण १९८६ सालाकडे जाऊ. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचं साल.

त्या सुमारास पुण्या-मुंबईत 'गर्द' नावाचं विष पसरलं होतं. ब्राऊन शुगर म्हणतात ते. सिगारेटच्या चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. कॉलेजातली मुलं, रिक्षावाले, कामगार, कुणीही त्यात सापडत होतं. लेखक-पत्रकार अनिल अवचट यांनी ओळखीच्या घरातल्या एका मुलाची दशा पाहिली आणि ते या विषयाच्या मागे लागले. गर्दुल्ल्यांशी बोलले, त्यांच्या आयांशी बोलले, आणि लेखमाला लिहिली. पुढे 'गर्द' नावाने तिचं पुस्तक झालं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, घरच्यांच्या सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. व्यसनी मुलांना तेव्हा तिथेच आणून टाकत. वेडाच्या इस्पितळात! घरच्यांना दुसरा रस्ताच माहीत नव्हता.

पु.ल. आणि सुनीताबाईंनी ते लेख वाचले आणि दोघं फार अस्वस्थ झाली. लेख वाचून हळहळणारे तेव्हाही शेकड्यांनी असतील. या दोघांनी अवचटांना सांगितलं की आम्ही प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये देतो, या मुलांसाठी काहीतरी सुरू करा. १९८६ चे लाख रुपये, मैत्रिणींनो. तेव्हा लाखाचं आजच्यासारखं पाणी झालं नव्हतं. आणि दिले कशाला, तर दारुड्या-गर्दुल्ल्यांसाठी. अनाथ मुलांना द्या, आंधळ्यांना द्या, लोक वाहवा करतात. व्यसनी माणसासाठी हात खिशात घालायला कुणी तयार नसतं, कारण सगळ्यांचं एकच म्हणणं, त्याने स्वतःच्या हाताने केलंय, भोगू दे. घरातल्या बाईलासुद्धा रागाच्या भरात तेच वाटतं, आणि तिचं काही चुकत नाही. तरी तो मेल्यावर भोगायचं तिलाच असतं.

येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सरकारने जागा दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु.लं.च्या हस्ते 'मुक्तांगण'चं उद्घाटन झालं. सुरुवात गर्दच्या रुग्णांपासून झाली, पण थोड्याच काळात दारूचे रुग्ण जास्त येऊ लागले. ते व्हायचंच होतं. गर्द बातमीत होती, दारू घराघरात होती.

काम उभं केलं ते अनिता मॅडमनी. त्यांच्या मुक्तांगणात मारहाण नव्हती, साखळदंड नव्हते, पाणउतारा नव्हता. त्या काळी व्यसन सोडवायचं म्हणजे कोंडून ठेवायचं, नाहीतर देवऋषाकडे न्यायचं, नाहीतर गुपचूप जेवणात औषध कालवायचं. मॅडमनी ठरवलं की हा आजार आहे, आणि आजारी माणसाशी जसं वागायचं तसंच याच्याशी वागायचं. ३५ दिवस राहायचं. सुरुवातीला शरीराचा त्रास, हातापायांची थरथर, झोप न लागणं, यावर डॉक्टरी उपचार. मग व्यायाम, योगासनं, गटात बसून बोलणं, स्वतःची खोली स्वतः झाडणं, स्वयंपाकघरात हात लावणं. आयुष्यात कधी घरात केर न काढलेला माणूस तिथे भाजी चिरायला बसतो. हे ऐकून एखादीला हसू येईल, पण उपचाराचाच तो भाग आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जे स्वतः बरे झाले तेच पुढे तिथे समुपदेशक म्हणून काम करू लागले. नव्याने आलेला म्हणतो, तुम्हाला काय कळणार माझं? समोरचा म्हणतो, मीही याच पलंगावर झोपलो होतो. मग बोलणंच खुंटतं.

देणगी देऊन पु.ल.-सुनीताबाई मोकळे झाले नाहीत, त्यांचा जिव्हाळा पुढेही राहिला. अनिता मॅडम स्वतः कॅन्सरने आजारी पडल्या, तरी काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. संस्थेला स्वतःची इमारतही झाली, आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर मोठी बाग आहे, तिला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात. मुंबईत प्रभादेवीला सरकारची कला अकादमी आहे, तिलाही पु.लं.चं नाव आहे. ही दोन्ही नावं दुसऱ्यांनी दिली. जिथे यांनी स्वतः पैसे दिले, त्या संस्थेचं नाव 'मुक्तांगण' आहे, 'पु. ल. देशपांडे व्यसनमुक्ती केंद्र' नाही. आमच्या भागात गणपतीच्या वर्गणीत दोन हजार दिले तरी कमानीवर फोटो लागतो, म्हणून मला याचं विशेष वाटतं.

पु.ल. सगळ्यांना गोड वाटावेत असंच नेहमी वागले, असा मात्र समज करून घेऊ नका. आणीबाणीला त्यांचा विरोध होता. १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस जाहीर सभांतून बोलायला उभा राहिला आणि लोकांनी मैदानं भरवली. १९९६ साली पहिला 'महाराष्ट्रभूषण' पुरस्कार मिळाला, तेव्हाही मनात खटकलेलं त्यांनी बोलून दाखवलं आणि त्यावरून वादळ उठलं. तोवर पार्किन्सनच्या आजाराने त्यांना जखडलं होतं. ज्या हातांनी पेटी वाजवली ते हात थरथरायला लागले होते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९९० साली सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक आलं आणि मराठी घरांत खळबळ माजली. लाडक्या पु.लं.च्या बायकोने लिहिलं होतं की हा माणूस घरात कसा आहे. जगाला हसवणारा नवरा घरातल्या गोष्टींत किती बेफिकीर, लहान मुलासारखा सगळं दुसऱ्यावर टाकणारा. आणि त्याचं सगळं सांभाळताना आपलं स्वतःचं काय काय राहून गेलं. त्यांनी रडगाणं गायलं नाही, स्वतःलाही सोडलं नाही, पण झाकलंही काही नाही. पुष्कळ वाचक रागावले. देवघरातल्या मूर्तीला कुणी धक्का लावावा तसं त्यांना झालं. बायकांनी मात्र ते पुस्तक एकमेकींना वाचायला दिलं. गौरी देशपांडे यांनी त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं.

मला विचाराल तर पु.लं.चं दातृत्व समजायला हे पुस्तक वाचावंच लागतं. 'पु.लं.नी लाखो रुपये वाटले' असं आपण सहज म्हणतो. त्या लाखांच्या मागे एका बाईने मोजलेली तिकिटं आहेत, तपासलेले करार आहेत, नाकारलेली साडी आहे म्हणा हवं तर. आणि तिचं स्वतःचं न लिहिलेलं लिखाण आहे. सुनीताबाईंना कवितेचं वेड होतं. पाठांतर अफाट. पुढे पु.ल. आणि त्या मिळून बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कविता रंगमंचावरून म्हणायचे. ते कार्यक्रम ऐकलेल्यांना दोघांपैकी कोण सरस हे ठरवता आलं नसेल. एवढी ताकदीची बाई साठी ओलांडली तेव्हा लेखिका म्हणून लोकांपुढे आली. दानाची किंमत कुणी दिली, हा प्रश्न विचारला की उत्तरात एकच नाव येत नाही. पु.लं.चा मोठेपणा याने कमी होतो असं मला वाटत नाही. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही नावं लागतात, एवढंच.

१२ जून २००० रोजी पुण्यात पु.ल. गेले. तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. सुनीताबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या. या काळातही देणं थांबलं नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली. तिथे शाळकरी मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. नावात मुक्तांगण असलं तरी येरवड्याची संस्था वेगळी आणि ही वेगळी, गोंधळ करू नका. या शोधिकेच्या इमारतीसाठी सुनीताबाईंनी देणगी दिली. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं हे नाव. आणि नीट ऐका, पुलस्त्य. त्यात 'पु.ल.' आहेत की नाही? कोटी करणाऱ्या माणसाला याहून चांगलं स्मारक सुचणार नाही. तिथे अरविंद गुप्ता यांनी कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवून मुलांना विज्ञान शिकवलं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या रिफिली, असलं सामान. नगरपालिकेच्या शाळेतल्या पोरालाही ते घरी करून पाहता येतं, कारण त्याला पैसा लागत नाही.

७ नोव्हेंबर २००९ रोजी सुनीताबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी पु.लं.चा नव्वदावा वाढदिवस होता.

आता शेवटचं, आपल्या भागाचं. भोसरी, चाकण, तळवडे, सगळीकडे पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटपासून घरापर्यंतचा रस्ता किती लांब होतो, ते तुम्हाला सांगायला नको. तीन पाळ्यांचं काम, ठेकेदाराकडची नोकरी, गाव दूर, अंगदुखी. पिण्याला कारणं पुष्कळ सापडतात. मुलांच्या फीचे पैसे डब्याच्या तळाशी लपवणाऱ्या बायका हा कार्यक्रम ऐकत असतील, म्हणून सांगते. मुक्तांगण आपल्यापासून लांब नाही. भोसरीहून दिघी, दिघीहून विश्रांतवाडी, तिथून आळंदी रस्त्याने पुढे येरवड्याच्या बाजूला मोहनवाडी. तिथे व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. हो, बायकांनाही हा आजार होतो. त्या लपवतात, इतकाच फरक. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. त्यात नवऱ्याच्या दारूपेक्षा आपल्या स्वतःच्या मनाचं, झोपेचं, पोरांचं बोललं जातं. माणूस बाहेर पडून वर्षभर कोरडा राहिला की व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करतात. त्या दिवशी बायको, मुलं, कधी म्हातारी आईसुद्धा येते. नवरा अजून कबूल होत नसेल, 'मला काय झालंय' म्हणत असेल, तरी बाईने आधी एकटीने जाऊन चौकशी करायला, समुपदेशकाशी बोलायला काही हरकत नाही. एकटीला अवघड वाटलं तर शेजारणीला बरोबर घ्या, आणि जाताना त्याच्या जुन्या औषधांचे कागद असतील तर तेही घेऊन जा.